दाजी आणि गाडीतला पिवळा दिवा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रीगोंद्यात उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो होतो. काष्टीच्या त्यांच्या गॅरेजात चहा आणि टिंगल एकत्रच मिळायची. ते सगळं संपलं हे मनाला पटेना... दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. मेहुण्याची खेचायची एकही संधी त्यांनी सोडली नाही.

माझ्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, काळा धूर येऊ लागला आणि पेट्रोल पाण्यासारखं जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी मशीन जोडून ऑक्सिजन सेन्सरवर बोट ठेवलं. पेट्रोल जळून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे तो इंजिनाला कळवतो; त्यावरून इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं. नवा सेन्सर बसवून दाजींनी गावभर सांगितलं, पाव्हण्यांची गाडी आता जन्मात दिवा दाखवणार नाही. बाजाराच्या दिवशी, भर चौकात, दिवा पुन्हा लागला. टपरीवरचे फिदीफिदी हसले. दाजींच्या इभ्रतीचाच प्रश्न झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटर काढला. सेन्सर सुटा केला तरी मीटर त्याची वायर गाडीच्या पत्र्याला टेकलेलीच दाखवत होता, म्हणजे दोष मधेच कुठंतरी. वायर चाचपत ते गाडीच्या पुढच्या जाळीपाशी आले. शनिशिंगणापूरहून आणलेली लिंबू-मिरची तिथे तारेने आवळून बांधली होती. तार वायरीत रुतून पत्र्याला टेकली होती. सेन्सर खरंच सांगत होता, निरोप वाटेतच मरत होता. आणि ती बांधली होती दाजींनीच, माझ्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून.

गॅरेजात आम्ही दोघंच होतो. गुपचूप तार काढली असती तर कुणाला कळलं नसतं. पण ते तार घेऊन थेट टपरीवर गेले.

"दृष्ट न्हाई लागली, माझाच हात लागला. हसा आता."

सगळ्यात आधी तेच हसले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून मिक्सर बिघडो, नाहीतर घरात भांडण होवो, त्यांचा पहिला सवाल ठरलेला : आपुन शेवटचा हात कुठं लावला हुता?

परवा आक्काकडे गेलो, तर मोटर चालू असून टाकीत पाणी चढेना. मी वायरमनला फोन लावू लागलो. आक्का कमरेवर हात ठेवून, थेट दाजींच्या सुरात म्हणाली, "आपुन शेवटचा हात कुठं लावला हुता?"

आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला... बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाली, "सकाळी टाकीचा व्हॉल मीच बंद केलाय."