पेटीतलं लाल लुगडं

आगाशीकडच्या एका शाळेत बॅप्टिस्ट सरांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. द्रव्याचा धडा तर त्यांचा हातखंडा. वर्गाच्या कोपऱ्यात अत्तराची कुपी उघडायची, आणि ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पहिला बाक, दुसरा, तिसरा करत शेवटच्या बाकावरच्या टवाळ पोरांचेही हात वर जायचे. मग सर म्हणायचे, "वास म्हणजे त्या वस्तूचेच कण बरं का! डोळ्याला दिसत नाहीत एवढे बारीक. कुपीतून बाहेर पडले तेवढे कुपीत कमी झाले. नाहीसे नाही झाले, पांगले. आता परत गोळा करून दाखवा बघू!" पोरं खिदळायची, सरही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको एस्थर गेली आणि त्या माणसाचं हसूच गेलं. मातीला आलेले पाहुणे परतल्यावर मुलगी रोवेना आईचे कपडे आवरायला बसली. धुवायचे आणि गरजूंना वाटून टाकायचे. सरांनी त्यातलं एक लाल लुगडं गुपचूप काढून घेतलं. एस्थर शेवटचं नेसली होती ते, बिनधुतलं. त्याला तिचा वास होता. डोक्याचं खोबरेल, चुलीचा धूर, आणि पहाटे वाडीत चाफा खुडताना अंगाला लागायचा तो. लुगडं घडी करून त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

आता सर पडले विज्ञानाचे. झाकण उघडलं की दर वेळी एस्थर थोडी पांगणार, हे त्यांना का कुणी सांगायला हवं होतं? त्यांनी नेम केला, महिन्यातून एकदा आणि एकच श्वास. पुढे तेवढंही जिवावर येऊ लागलं, मग तीन महिन्यांतून एकदा. मधल्या दिवसांत नुसते पेटीवर हात ठेवून बसायचे. एवढा शहाणा माणूस, पण रडायचा हो, अगदी हुंदके देऊन.

एस्थरच्या पहिल्या वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे तिच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेच्या दिवशी, त्यांनी पेटी उघडली, तर आत कसर वळवळताना दिसली. लुगड्याची चाळण झाली तर राहिलं काय? तसेच बाजारात गेले, डांबरगोळ्या आणल्या, सहा गोळ्या फडक्यात बांधून घडीत सरकवल्या. झाकण लावून वरून चिकटपट्टी मारली. आता थेट पुढच्या वर्षाच्या मिस्सेला उघडायचं, आणि त्या दिवशी पोटभर वास घ्यायचा.

अहो, डांबरगोळी! फळ्यावर 'स्थायूतून सरळ वायू' असं लिहून दर वर्षी ज्याने पहिलं उदाहरण तिचंच दिलं, त्या माणसाने हे करावं! पण जीव धास्तावला की शिकवलेलं कुठलं आठवतंय.

वर्ष कसंबसं सरलं. मिस्सेच्या सकाळी रोवेना एव्हरशाईन सिटीतल्या तिच्या घरून आली. सरांनी तिच्यासमोरच पट्टी सोलली. मध्ये ढास नको म्हणून आधी खोकून घेतलं, आणि झाकण उचललं.

डांबराचा भपकारा नाकात असा घुसला की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी लुगड्यात तोंड खुपसलं. पदर हुंगला, काठ हुंगले, कमरेपाशी यायची ती घडी उलगडून हुंगली. सगळीकडे डांबर. एस्थर कुठेच नव्हती.

"अगो बाय!" रोवेनाने लुगडं उजेडात धरलं. "डॅडी, काय जपलंयत हो! एक भोक नाही." घडीतून पडलेलं फडकं तिने उचललं. गाठ तशीच होती, आत काही लागेना. "गोळ्या कुठे गेल्या?"

हे उत्तर सरांच्या तोंडपाठ होतं.

"डॅडी, वास मारतोय हो फार," रोवेना भीतभीतच म्हणाली. याआधी धुण्याचं नुसतं नाव काढलं तरी सर अंगावर यायचे. "धुऊन टाकू का?"

सरांनी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं.

"धू, बाय," ते म्हणाले, आणि मिस्सेचे कपडे घालायला आत गेले.