हरभऱ्यात शिरणारी काळी

बेंबळीत आमच्या शेजारी शेळ्या पाळणाऱ्या एक मावशी राहतात. बोलताना त्यांची नजर माणसावर नसते, शेळ्यांवर असते. "बघा, काळी आता हरभऱ्यात शिरणार," असं म्हणतात आणि काळी शिरतेच. मग शिव्या घालत तिच्यामागं पळतात.

परवा माझ्या लेकीनं पत्रिका जुळलेलं स्थळ नाकारलं. पाहुणे म्हणाले, "देवाला आधीच ठाऊक होतं, हे जुळायचं नव्हतं." लेक माझ्यावरच चिडली. "म्हणजे नकार माझा नव्हताच का?"

कुंपणापलीकडून मावशी बोलल्या, "पोरी, मला ठाऊक असतंय म्हून काळी शिरती व्हय? ती तिच्या मनानं शिरती. मी निस्ती तिला वळखून हाय. देव बी तसाच. नकार तुजाच."

लेक खुदकन हसली. मलाही हायसं वाटलं.

"आता शिरली बघा," मावशी म्हणाल्या. काळी हरभऱ्यापाशी थांबली, मान वळवली आणि सरळ घराकडं चालू लागली.

मावशी लई खूश झाल्या. "चुकले की मी! पर देवाला ठाऊक असणार, आज ही वळणार म्हून."