खिंडीतल्या फौजेचं अस्तर

मुलुंडला आमच्या चाळींच्या मागेच डोंगर सुरू होतो. चढणीवर एका ठिकाणी दोन्ही बाजूंना काळे कातळ आणि मधून जेमतेम तीन माणसं जातील एवढी वाट होती. आमच्या मंडळाने तिला खिंड ठरवून टाकलं होतं. महाराज विशाळगडाकडे निघाले आणि मूठभर मावळ्यांनी शत्रूला खिंडीत अडवून धरलं, ती लढाई आषाढात तिथे करून दाखवायची, असा बेत मंडळाने गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षात सुरू केला. ते खरे पावसात लढले, मग आपण हॉलमध्ये पंख्याखाली का लढायचं, असं मंडळाच्या सेक्रेटरीचं म्हणणं.

पहिल्या वर्षी पावसाने पार वाट लावली. पुठ्ठ्याच्या ढालींचा लगदा झाला. पागोट्यांचा रंग उतरून दोन्ही फौजा एकाच गुलाबी रंगाच्या झाल्या. डिंकाने चिकटवलेल्या मिशा गळून पडल्या आणि लोक पोट धरून हसले. म्हणून दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी आमच्या घरी आला. मी तेव्हा घाटकोपरला रेनकोट शिवायच्या कारखान्यात कामाला होते. पाण्याचं तुला कळतं, तेव्हा या वर्षी फौज कोरडी ठेवायची जबाबदारी तुझी, असं त्याने मला सांगितलं.

बाबा खिडकीशी बसून ऐकत होते. गिरणी बंद झाल्यापासून त्यांची बसायची जागा तीच. कोणाशी भांडण नाही, कसली तक्रार नाही, फक्त बोलणं आटत चाललेलं. आईने मुद्दामच सांगितलं की हे कोकणात गावी शिमग्यात लाठी फिरवायचे, बघायला शेजारच्या वाडीतून माणसं यायची. सेक्रेटरीने लगेच विचारलं, पण बाबांनी मान हलवून नकार दिला. मग जाता जाता त्याने आपली दुसरी अडचण सांगितली. चाळीस जणांपैकी पस्तीस जणांना मावळे व्हायचं होतं. शत्रूकडे जायला कोणी तयार नव्हतं. गेल्या वर्षी शत्रू इतके थोडे होते की मावळ्यांनी नक्की कोणाला अडवलं तेच लोकांना कळलं नाही.

बाबांनी खिडकीतून तोंड वळवलं.

"मारणारो लटको असलो, तर लढणाऱ्याची किंमत कशी कळतली?" ते म्हणाले. "मी येतंय. शत्रूकडसून."

दुसऱ्या दिवसापासून चाळीच्या पटांगणात तालीम सुरू झाली. बाबांनी आधी सगळ्यांना पडायला शिकवलं, मग मारायला. शत्रूची सोंगं करून हसं करायचं नाही, तेही लढणारेच होते, असं त्यांनी बजावलं. त्यांच्या बाजूला कोण येणार हा प्रश्न आठवड्याभरात मिटला, कारण लाठी खरी शिकायची तर शत्रूकडे जायला हवं हे पोरांच्या ध्यानात आलं.

मावळ्यांचा म्होरक्या झाला होता आमच्याच चाळीतला पोस्टमन. तिशीचा, काटक, दिवसभर पायी फिरून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. तालमीत त्याचं आणि बाबांचं रोज वाजायचं. त्याला जोरात पुढे यायचं असे आणि बाबा त्याला पाय बघ, पाय बघ म्हणून थांबवत.

मी कारखान्यातलं कातरण मागून आणलं. जून सरला की रेनकोटाचं काम थंडावतं, त्यामुळे मालकाने मशीनही वापरू दिलं. वेताच्या टोपल्यांवर ताडपत्री ताणून ढाली केल्या. अंगरख्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर लावलं. प्रत्येक वस्तू तयार झाली की पटांगणात ठेवून तिच्यावर बादलीभर पाणी ओतायचं, टिकली तर घ्यायची. मिशा चिकटवायच्या नाहीत, महिनाभर वाढवायच्या, हा ठराव झाला. शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून बुटांच्या तळव्यांना काथ्याची दोरी बांधायची युक्ती बाबांची.

कोरड्या कपड्यांसाठी मी वीस पिशव्या शिवल्या, दोघांत एक. कोणी कोणाबरोबर पिशवी वाटून घ्यायची हे बाबांनी ठरवलं. एक मावळा, एक शत्रू. ज्याला मारायचं त्याचेच कपडे सांभाळायचे. पोस्टमनची जोडी अर्थातच बाबांशी पडली. त्याने तोंड वाकडं केलं, पण पिशवी घेतली.

आठ दिवस धो धो पाऊस कोसळत होता. लढाईच्या दिवशी सकाळी उठून बघते तर लख्ख ऊन. आकाशात ढगाचा तुकडा नाही. ओल्या डोंगरातून वाफ निघत होती. फौजा खिंडीपाशी पोचेपर्यंत प्लास्टिक लावलेल्या अंगरख्यांत माणसं उकडून निघाली. एक धिप्पाड मावळा कातळाला टेकून खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मला रडू फुटायचंच बाकी होतं. महिनाभर मी फक्त पावसाचा विचार केला होता.

बाबा माझ्याजवळ आले. "कातर हा मगे तुझ्याकडे?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी दगडावर बसले आणि अस्तराची स्वतः घातलेली शिवण उसवायला लागले. दुसरी कातर कोणाकडे नव्हती, तेव्हा पोस्टमनने दाताने टाके तोडायला सुरुवात केली आणि बघता बघता दोन्ही फौजा एकमेकांचे अंगरखे उसवत बसल्या. खालून आई आणि चाळीतल्या बायका कळशीभर मीठ-साखरेचं पाणी घेऊन वर आल्या. बसलेला मावळा दोन पेले पिऊन उभा राहिला. तासभर उशीर झाला, पण प्रेक्षकांपैकी कोणी घरी गेलं नाही.

मग लढाई सुरू झाली. बाबांची माणसं लाटांसारखी चढून येत होती आणि मावळे त्यांना मागे रेटत होते. या वर्षी कोणी हसत नव्हतं. शेवटी खिंडीच्या तोंडाशी पोस्टमन एकटा उरला, दोन्ही हातांत लाकडी तलवारी. बाबा समोरून चालून गेले. तो एक पाऊल मागे, वाटेच्या कडेला सरला आणि त्याच्या पायाखालचा दगड सुटला. कडेखाली दोन पुरुष खोल उतार होता.

बाबांनी लाठी टाकून दिली आणि त्याच्या कमरेचा शेला दोन्ही हातांनी धरला. क्षणभर दोघे तसेच वाकलेले. मग बाबांनी त्याला ओढून वाटेवर आणलं.

"उबो रव आदी," ते म्हणाले. "मगे लढूया."

एवढी शांतता होती की ते शब्द खालपर्यंत ऐकू गेले. पोस्टमनने श्वास घेतला, बाबांची लाठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि तलवारी सावरून उभा राहिला. टाळ्या तेव्हा वाजल्या, आणि पुढची लढाई संपेपर्यंत वाजतच राहिल्या.

नंतर दोघांनी एकाच पिशवीतून आपापले शर्ट काढले. पोस्टमन बाबांना म्हणाला, "पाय बघायला पाहिजे होते." बाबा त्याच्या शर्टाचं चुकीच्या काजात गेलेलं बटण नीट लावत होते.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा बोलत होते. कोण उजव्या पायावर भार देतो, कोण डोळे मिटून वार करतो, सगळं आईला हातवारे करून सांगत होते. आई वाढायचं विसरून ऐकत होती.

पुढच्या रविवारी पोस्टमन सायकल घेऊन दाराशी आला. पोरांना लाठी शिकवायला शाळेमागचं मैदान सकाळी मोकळं असतं, हेडमास्तरांशी बोललोय, तुम्ही एकदा जागा बघून घ्या, असं त्याने सांगितलं. बाबांनी चहा अर्धाच ठेवला, चपला घातल्या आणि त्याच्या मागे सायकलवर बसून गेले.