सगळ्यांनी लिहायची एकच वही

चार माणसांना एका पानावर लिहायला बसवलं की मजकूर जमतो ओंजळभर आणि किस्से जमतात पोतंभर. आम्ही शब्दकोश करायला निघालो होतो. तो किती झाला ते विचारू नका. किस्से मात्र सांगतो.

माझं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. ब्रॉडबँड नुकतंच आलेलं, तेव्हा मी इंटरनेटवर एक विकी सुरू केली. विकी म्हणजे सामायिक वही. मेंबर झालेल्या कुणीही उघडावी, लिहावी, दुसऱ्याचं चुकलेलं सुधारावं. आमच्या वहीत फक्त आपल्या जिल्ह्यातल्या बोलीचे शब्द. पहिले मेंबर म्हणून मी पाटील सरांना धरलं. गडहिंग्लजजवळच्या नेसरीच्या शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला होता, आता रिटायर होऊन तिथंच घरी होते.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मी लिहिलेलं कुणीबी बदलणार?”

“व्हय सर.”

“आणि त्यानं लिहिलेलं मी?”

“व्हय.”

“मग वर्गावर कोण असणार?”



*

सुरुवातीला ही वही माझ्या दुकानातल्याच एका जुन्या मशीनवर होती. दुकानातली लाईट गेली की वही जगातून गायब. आणि दिवस लोडशेडिंगचे.

आमचे दुसरे मेंबर शिवलिंगअण्णा. गडहिंग्लजला मिरचीचा व्यापार, घरात कानडी आणि बाजारात मराठी. ते लिहायला बसण्याआधी मला फोन करायचे, “शाहूपुरीत लाईट हाय का? असली तर दोन शब्द घालतो.”

एकदा पुण्याहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. “तुमच्याकडे गुरुवारी लाईट किती वाजता येते?”

मी विचारलं, “का हो?”

“‘ग’ वाचत होते, मध्येच गेला.”

शेवटी परदेशातल्या एका सर्व्हरवर जागा भाड्यानं घेतली. आता वही चोवीस तास चालू राहणार, हे मी सरांना अभिमानानं सांगितलं. सर म्हणाले, “अमेरिकेत ठेवलीस व्हय? मग आता तिथल्या लाईटीचं कुणाला विचारायचं?”

*

‘अक्का’ या शब्दावरून सर आणि अण्णा यांची जुंपली. दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते, फक्त वहीतल्या नावानं ओळखायचे. सरांनी लिहिलं, “हा शब्द कानडीतून आला.” अण्णांनी ते काढून लिहिलं, “हा शब्द कुठनं आला न्हाय, हितलाच हाय.” सरांनी पुन्हा पहिलं वाक्य घातलं. अण्णांनी पुन्हा काढलं. एका दुपारी मी बघतोय तर दर दोन मिनिटाला पान बदलतंय.

प्रत्येक बदल कुठल्या कनेक्शनवरून झाला त्याचा आकडा मला दिसायचा. बघितलं तर दोघांचा आकडा एकच. गडहिंग्लजच्या नेट कॅफेचा. मी कॅफेवाल्याला फोन लावला आणि दोन वयस्कर माणसं बसलीत का, म्हणून विचारलं.

“बसल्यात की,” तो म्हणाला. “शेजारशेजारच्या केबिनमध्ये. दोघंबी स्क्रीनला शिव्या द्यायलेत.”

“मधला पडदा जरा बाजूला कर,” मी सांगितलं.

अर्ध्या तासानं पान उघडलं. आधीची दोन्ही वाक्यं गेली होती. तिथं नवीन ओळ होती, “अक्का : मोठी बहीण. बाकीचं चहा पिऊन आल्यावर.”

त्या पानावर पुढं कधीच काही आलं नाही. दोघं मात्र दर मंगळवारी चहाला भेटायला लागले.

*

तिसऱ्या मेंबर सुनंदाताई. गगनबावड्याला सरकारी दवाखान्यात नर्स. पावसाळ्यात तिकडचा फोन महिना महिना बंद. मग ताई पेशंटांकडून ऐकलेले शब्द केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर लिहायच्या आणि एसटीच्या कंडक्टरकडं द्यायच्या. मी स्टँडवर जाऊन कागद घ्यायचा आणि टाईप करायचा.

एका कागदावर ताईंनी लिहिलं होतं, “उघडीप : पाऊस थांबणे.” खाली वेगळ्या अक्षरात, तिकिटाच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, “वाचलं, राग नसावा. पाऊस थांबत न्हाय. उघडीप म्हणजे दुसरा पाऊस येईस्तोवरचा टाईम.”

फोन सुरू झाल्यावर मी ताईंना विचारलं, कुठला अर्थ ठेवू?

“त्यांचाच ठेवा,” ताई म्हणाल्या. “घाटात गाडी तेच चालवत्यात.”

मी म्हटलं, “ताई, ते कंडक्टर हाईत.”

“मग ड्रायव्हरलाबी विचारून घ्या.”

*

एकदा ‘म्हैस’ या पानावर कुणीतरी इंग्रजीत तीन परिच्छेद टाकून गेलं. कसल्यातरी गोळ्यांची जाहिरात. मशीनच पाठवतात अशा जाहिराती, जगभर. मी पुसायला गेलो तर पाटील सर माझ्या आधी पोचलेले. त्यांनी सगळ्या जाहिरातीचं व्याकरण सुधारलं होतं, आणि खाली टीप होती, “इंग्रजी कच्चं आहे, पण माणूस कष्टाळू दिसतो.”

दुसऱ्या दिवशी त्या कष्टाळू माणसानं आणखी चाळीस पानं भरली. मग मी दारावर एक प्रश्न ठेवला. ‘व्हय’च्या उलट काय? ‘न्हाय’ असं टाईप केलं तरच मेंबर होता येणार. जाहिराती त्या दिवसापासून बंद.

महिन्याभरानं भाषा विषयाच्या एका प्राध्यापकांचा मेल आला. बोलीवरच त्यांचा अभ्यास होता. “मी बरोबर उत्तर देऊनही आपली यंत्रणा मला प्रवेश देत नाही.” त्यांनी तीन वेळा ‘नाही’ लिहिलं होतं.

*

शेवटचा सांगतो.

एका हिवाळ्यात नवीन मेंबर आला. नाव नाही, नुसतं ‘गाववाला’. तो एकाच पानावर लिहायचा, ‘जनावरांना हाका’. दर रविवारी एक हाक. कोंबड्यांना दाणे टाकताना काय म्हणायचं. बैल पाण्यावर नेला की कशी शीळ घालायची. म्हैस पान्हवत नसली तर कासेला हात लावायच्या आधी काय पुटपुटायचं. सगळं बारीक आणि अचूक. अण्णा म्हणाले, “हा गडी गोठ्यातच बसून लिहायलाय बघ.”

मी आकडा तपासला. कनेक्शन नॉर्वेतल्या कुठल्याशा गावचं होतं.

पानाखाली बोलायला जागा असते. तिथं मी लिहिलं, “पावणं, आपण मूळ कुठल्या गावचं?”

पुढच्या रविवारी उत्तर आलं. “गाव धरणात गेलं. मी तवा आठवीत होतो.”

सुनंदाताईंनी विचारलं, “तिकडं जनावरं हाईत का तुमच्याकडं?”

“न्हाईत. हितं हाका मारायला कोण न्हाय. म्हणून लिहून ठिवतोय.”

त्यानंतर त्यानं त्याच पानावर आणखी एकच नोंद केली, आणि पुन्हा आला नाही. मेल केले, उत्तर नाही.

आमच्या कोशात विशेषनामं घ्यायची नाहीत, हा सरांनीच घातलेला नियम. म्हणून मी त्यांना फोन केला.

“सर, ती शेवटची नोंद नियमात बसत न्हाय.”

“बघितली मी.”

“काढू?”

सर म्हणाले, “तुझ्या हातानं निघत असली तर काढ.”

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, “मला कशाला विचारतोस?”

ती नोंद अशी आहे :

“चंद्री : हाक मारली की येते.”