पुण्याची रिकामी जागा

आमची नात इथल्याच कॉलेजात इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. लेक-जावई इचलकरंजीला, जावई यंत्रमागावर पाळीनं जातो, म्हणून पोरगी शाळेपासून आमच्याकडंच. मी चौथी शिकलेला. आयुष्य फौंड्रीत साचे भरण्यात गेलं, कॉलेजातलं मला काय कळणार? तिनंच एकदा स्वयंपाकघरात बसून आम्हा नवराबायकोला समजावलं. पुण्याला एक नावाजलेलं सरकारी कॉलेज आहे. तिथलं कोण मध्येच सोडून गेलं की जागा रिकामी होते, आणि बाहेरच्या कॉलेजातल्या पोरांना पहिल्या वर्षाचे मार्क बघून त्या जागेवर दुसऱ्या वर्षाला घेतात.

"जागा किती?" मी विचारलं.

"औंदा दोनच. अर्ज ढिगानं येत्यात. चान्स कमीच हाय, आबा."

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "कमी हाय म्हणून घरात बसतंय व्हय कोण? भर की अर्ज!"

तिनं भरला. मी मात्र 'चान्स कमी' तेवढंच मनात धरून ठेवलं. मला ते बरं वाटत होतं.

पुढं बायको आजारी पडली ती उठलीच नाही. शुद्धीवर होती तेव्हा एका दुपारी मला म्हणाली, "पोरीला पुण्याला जाऊ द्या. माझ्या मागं तिला चुलीला बांधू नगासा. तुमचं काय, भात टाकायला येतोय की तुमास्नी." मी व्हय म्हणलं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही, ते बोलून वचन द्यावं लागतं, ही आमच्याकडची रीत. कुरुंदवाडहून आलेला मेव्हणा हात जोडून म्हणाला, "अक्का, दाजींस्नी आमी अंतर देणार न्हाय." कावळा ढिम्म. लेक म्हणाली, "आई, तुझं वरीससराद नीट करते." तरी नाही.

सगळी माझ्याकडं बघायला लागली. "दाजी, तुमीच बोला. तुमास्नीच म्हाईत असणार."

मला माहीत होतंच. तोंड उघडून 'नात पुण्याला जाईल' एवढं म्हणायचं होतं. पण म्हणलं असतं तर ती गेली असती, आणि घरी मी आणि भिंती. मी उपरण्यानं तोंड पुसत बसलो.

मग मागं बायकांत उभी असलेली नात पुढं आली. रडत म्हणाली, "आज्जी, मी कुठं जात न्हाय. आबांजवळच ऱ्हाते."

आणि कावळा उतरला.

"बघा! जीव पोरीतच अडकलाता," मेव्हणा म्हणाला. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. पण मी बघितलं होतं. कावळा इतका वेळ शेजारच्या लोकांच्या पत्रावळीवर भजी खात होता. तिथली संपली आणि तो आमच्याकडं आला.

घरी आल्यावर पोरीनं दाखल्यांची फाईल ट्रंकेत ठेवली. पुण्याला मार्कांच्या नंबरानं बोलावून जागा देणार होते, तिथं हजर व्हायची तारीख अजून गेली नव्हती. तिनं मला विचारलं, "आज्जीला असंच वाटत हुतं, न्हवं?"

"व्हय," मी म्हणलं.

मेलेल्या बायकोच्या नावानं खोटं बोललो. तिच्या हयातीत कधी धाडस झालं नसतं.

नंतर पोरगी रोज भाकरी करायला लागली. हात भाजून घ्यायची, आणि कडा करपलेली भाकरी मला वाढताना म्हणायची, "जमंल हळूहळू." चुलीला बांधू नगासा, असं जिच्यासाठी सांगून गेली तीच ही, आणि मी करपलेलं मुकाट खात होतो. एका सकाळी घास गिळेना. म्हणलं, "तुझी आज्जी म्हणली हुती, पोरीला पुण्याला जाऊ द्या."

"कधी?"

"जायच्या आधी. मला एकट्यालाच."

"मग घाटावर गप का बसलासा?"

"तू ऱ्हावीस म्हणून."

तिनं तवा उतरवला, गॅस बंद केला, ट्रंक उघडली. तारीख दुसऱ्याच दिवशीची होती; बापाला बोलावून घेऊन पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेली.

सकाळी गवळी आला. "आबा, पोरगी गेली म्हणं. दूध अर्धा लिटरच घालू का आता?"

"नेहमीएवढंच घाल."

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसला होता. "गेल्या जागा, आबा. माझ्या वरच्याच नंबराला संपल्या."

मी "असू दे, असू दे" म्हणत होतो, आणि छातीवरचं ओझं उतरत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. पोरीचं नशीब फिरलं आणि मला त्या दिवशी भूक लागली.

ती परत आली, हातपाय धुऊन चहाला लागली. पातेल्याचं झाकण काढून बघत राहिली.

"आबा, मी न्हवते तरी दूध लिटरभरच घेतलं?"

"व्हय."

"म्हंजे मला मिळणार न्हाय, हे तुमास्नी म्हाईत हुतं?"

"म्हाईत न्हवतं," मी म्हणलं. "मिळू नये वाटत हुतं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. चहा गाळला आणि कप माझ्यापुढं ठेवला. साखर घातली नव्हती. मी मागितली नाही.