खुर्ची मागणारा निबंध

काकूंचं निम्मं आयुष्य लोकांच्या पायाशी गेलं. बुटांच्या दुकानात त्या विक्रीला होत्या. गिऱ्हाईक बाकावर बसायचं, काकू वाकून बूट चढवायच्या, वरचा खोका काढायला शिडी चढायच्या, उतरून पुन्हा वाकायच्या. विकणाऱ्यांनी बसायचं नाही, हा मालकांचा नियम. संध्याकाळी पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि घरी नवरा म्हणायचा, "सोड की ते दुकान." जसं काही दुसरं दुकान उंबऱ्याशी येऊन वाट बघत होतं.

अर्धवट सुटलेलं कॉलेज त्यांनी केस पिकायला लागल्यावर पुन्हा धरलं. सकाळचे वर्ग. बाकी सगळं निभलं, पण लेखनाच्या तासानं नाकी नऊ आणले. दुसऱ्याला पटेल असं लिहायचं आणि दुसरा आपल्याला कसं पटवतो ते उकलून दाखवायचं, असा विषय. शिकवणारे सर इतकं खोडायचे की पोरं त्यांना कात्री म्हणायची.

"खऱ्या माणसाला लिहा, खरं काहीतरी मागा," सर म्हणाले. काकूंनी मालकांकडे खुर्च्या मागायचं ठरवलं. बोलून बूट विकणारी बाई मी, त्यांना वाटलं, हा तर हातचा मळ.

कागद लालेलाल होऊन परत आला.

"काकू, मालक दिलदार, दुकान नामांकित, दिवे सुंदर. खुर्ची कुठे आहे?"

"शेवटच्या ओळीत आहे की."

"नमनालाच घडाभर तेल गेलं. वर म्हणता, 'जमलं तर बघा.' ते बघणार नाहीत."

"गिऱ्हाइकाला आधी खूश करावं लागतं, सर."

"गिऱ्हाइकाला बूट हवेच असतात, म्हणून ते आत येतं. मालकांना खुर्च्या नकोच आहेत."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. दुसऱ्या खेपेला काकूंनी कागदावर राग ओतला. तर सर म्हणाले, आता मालकांची बाजू लिहा, वाचून त्यांनीच मान डोलावली पाहिजे.

"त्यांची बाजू मी का मांडू? तोंड आहे त्यांना. शिवण उसवली असेल तर आम्ही तो बूट भिंतीकडे फिरवून ठेवतो. तुम्ही म्हणता, तीच आधी दाखवा."

"त्यांनी ती आधीच पाहिलीय. लपवलीत तर अख्खा बूट खोटा वाटेल त्यांना."

काकू चरफडत दुकानात आल्या. मालक नेहमीसारखे म्हणाले, "आपण सगळे एका घरातले." एरवी त्या विरघळायच्या. आता कान कॉलेजात जाऊन आले होते. घरात माणसं बसतात, त्यांच्या मनात आलं. पण मालकांच्या मनातली भीतीही पहिल्यांदा दिसली. विकणारे निवांत बसलेले दिसले, की इथे कुणी विचारणार नाही असं वाटून गिऱ्हाईक दारातूनच वळतं. काकू स्वतः अशा दुकानांतून परत फिरल्या होत्या.

तेच त्यांनी सुरुवातीला लिहिलं. मग लिहिलं, गिऱ्हाईक दिसलं की उठू. आणि पाय दुखले की आम्ही शिडी चढत नाही, खोका वर असूनही 'तुमचं माप संपलं' म्हणून सांगतो. ते गिऱ्हाईकही त्याच दारातून परत जातं.

सरांनी एकच ओळ खोडली. काकू पास झाल्या आणि तोच निबंध मालकांपुढे ठेवला. जीव मुठीत धरून उभ्या राहिल्या. मालकांनी काउंटरशी उभ्या उभ्या सावकाश वाचला.

"काय सुरेख लिहिता हो ताई."

"खुर्च्यांचं?"

"बघू. पण असा हात वाया घालवू नका. सवलतीची जाहिरात लिहून द्या. आत्ताच."

काकूंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. त्यांनी कागद-पेन उचललं, काउंटरमागे गेल्या आणि मालकांच्या खुर्चीत बसल्या.

"ताई, अहो..."

"उभ्यानं सुचत नाही मला."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मालकांनीच खाली बसून त्याच्या पायाचं माप घेतलं.

खुर्च्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. जाहिराती मात्र काकूच लिहितात, आणि फार सावकाश लिहितात.