बँकेत वाटलेली बर्फी

आसावरी उमरेडकर आमच्या लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरात वरच्या मागच्या खोलीत राहायला आली ती दोन हजार सातच्या सप्टेंबरात. नागपूरची मुलगी, फायनान्समध्ये एमएस्सी करायला आलेली. सामानात दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर. डोक्यावर नागपूरच्या बँकेचं एज्युकेशन लोन. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "भाडं एक तारखेला, आणि बाथरूममध्ये केस सोडायचे नाहीत." ती म्हणाली, "हो काकू." बस, एवढंच. बोलायला कमी आणि कामाला वाघ अशी मुलगी होती. मला बडबडी माणसं आवडत नाहीत, कारण ते काम घरात मी एकटी पुरेसं करते.

कर्जाची हकीकत मला हळूहळू कळली. वडील हरीश उमरेडकर, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. घर भाड्याचं, तारण ठेवायला काही नाही. म्हणून जामीनदार म्हणून सही केली माधवकाकांनी. ते त्याच शाळेतले, वडिलांचे जुने स्नेही, अजून नोकरीत असलेले. आपल्याकडे जामीन राहायला सख्खा भाऊ कचरतो. या माणसाने चहा पिता पिता सही केली होती म्हणे.

आसावरीचा कोर्स संपला आणि नेमकं त्याच सुमारास जगातल्या बँकांचं दिवाळं वाजायला लागलं. हिची पदवी बँकांचीच! अर्ज करून करून पोरगी थकली. शेवटी एअरपोर्टजवळच्या एका किचनमध्ये लागली. विमानात जेवणाचे ट्रे देतात ना, ते भरायचं काम. फ्रीजसारख्या गार हॉलमध्ये केसांवर जाळी घालून उभं राहायचं, एका हाताने बन, दुसऱ्या हाताने बटर. मी स्वतः तीस वर्षं एअरपोर्टच्या लाँड्रीत चादरी मोजल्या आहेत, त्यामुळे मला त्यात काही कमीपणा वाटला नाही. तिला वाटला.

तिने घरी फोन करून सांगितलं, "बाबा, एअरलाइनमध्ये जॉब लागला." वडिलांनी पुढे विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मास्तरांनी काय करावं? दोन किलो संत्रा बर्फी आणली. शेजारी वाटली, शाळेत वाटली, आणि मग थेट बँकेत जाऊन मॅनेजरांच्या टेबलावर डबा उघडला. "तुमच्यामुळे मुलगी एअरलाइनमध्ये लागली, साहेब!" साहेबांनी तुकडा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि कर्जाच्या कागदावर नोंद केली. कारण अट अशी होती की नोकरी लागली की सहा महिन्यांनी हप्ते सुरू. नोकरी नसती तर आणखी मुदत मिळाली असती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण मास्तरांना तरी काय बोलणार? ज्याने उपकार केले त्याच्याकडे आधी गोड न्यायचं, हे आपल्या रक्तात आहे.

इथल्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, तिने हप्ते भरले. कसे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दुपारी किचनमधले उरलेले बन, रात्री वरण-भात. मग विमानं कमी झाली, तिच्या शिफ्ट्स कापल्या गेल्या आणि हप्ते चुकायला लागले. दर रविवारी वडिलांचा फोन आला की ही म्हणायची, "ट्रान्सफर अडकलीय, बाबा." मास्तर तेच जाऊन बँकेत सांगायचे.

आमची अन्वी इथेच जन्मलेली. तिचंही कॉलेजचं लोन आहे, पण इथलं. ते पगारातून आपोआप कापतात, पगार कमी असला तर कापतही नाहीत. हप्ते चुकले तर जामीनदाराला भरावे लागतात हे ऐकून ती जेवताना म्हणाली, "पण आई, तिला पैसा नाही तर तो अंकल का देणार? इट्स नॉट हिज लोन!" मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे कर्ज एकट्याचं नसतं."

सप्टेंबर उजाडला आणि रविवारच्या फोननंतर आसावरी पांढरीफटक होऊन स्वयंपाकघरात आली.

"काकू, माधवकाका या महिन्यात रिटायर होतायत. त्यांचे सगळे पैसे त्याच बँकेत जमा होणार. बँक म्हणते, महिनाअखेरपर्यंत हप्ते आले नाहीत तर त्यातून वसूल करू. डिसेंबरात त्यांच्या मुलीचं लग्न आहे." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही मला पैसे द्याल का? मी फेडीन."

पैसे होते माझ्याकडे. दिले नाहीत.

"देऊन काय होईल?" मी विचारलं. "एक महिना निघेल. पुढच्या महिन्यात परत कुणाकडे जाशील? वडिलांना खरं सांग. खरा पगार कळला तर बँक हप्ता कमी करेल."

"बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यांनी अख्ख्या गल्लीत बर्फी वाटलीय!"

"मग माधवकाकांच्या मुलीच्या लग्नात तीच वाढ!"

फार लागलं तिला. मागे फिरली आणि खोलीचं दार लावून घेतलं. आमचे हे म्हणाले, "सुप्रभा, दे ना थोडे." मी म्हटलं, "तुम्ही मध्ये पडू नका." पण त्या आठवड्यात तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली नाही की मी ताट सोडून जिन्याकडे बघायचे. पोरगी कामाला जायची, यायची, माझ्या नजरेला नजर देत नव्हती. महिना सरत चालला होता. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. परक्याची मुलगी, आणि माझी जीभ ही अशी.

शनिवारी दुपारी ती भारतात स्वस्तात बोलायचं कार्ड वापरून, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर फोन घेऊन बसली. मी स्वयंपाकघरात नळ बंद केला.

"बाबा, मी ऑफिसात नाहीये. मी ट्रे भरते... जेवणाचे ट्रे, विमानातले. पहिल्यापासून." मग तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "हॅलो? बाबा, आहात ना? हॅलो?"

मी बाहेर आले. तिच्या हातात रिसीव्हर तसाच.

"कट झाला," ती म्हणाली. "कार्डवरचे पैसे संपले की बाबांनी ठेवला, कळत नाही."

नवं कार्ड आणून लाव म्हटलं, तर लावेना. वडिलांनीच ठेवला असेल तर परत कसा लावू, म्हणे. रविवारी फोन आला नाही. सोमवारीही नाही. इतक्या वर्षांत मी त्या फोनकडे इतकं कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ती केसांची जाळी खिशात घालून निघतच होती, तेवढ्यात फोन वाजला. बोलणं झालं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग एकेक सांगायला लागली.

वडिलांनी आधी विचारलं, "जेवून राहिली ना बेटा तिकडे?" शनिवारी कार्डच संपलं होतं. ते रविवारी माधवकाकांकडे गेले, सगळं सांगितलं आणि सोमवारी दोघं मिळून बँकेत. मॅनेजर म्हणाले, पगाराचा कागद मागवा, हप्ता अर्ध्याच्या खाली आणू. वर्षं वाढतील, व्याजही वाढेल. माधवकाकांच्या पैशाला हात लागणार नाही. मग मॅनेजर हसून म्हणाले, "सर, म्हणजे बर्फी उगाचच दिलीत." त्यावर मास्तर म्हणाले, "बर्फी नोकरीची होती, साहेब. मुलगी नोकरी करते आहे."

हे सांगताना तिला रडू फुटलं. माझेही डोळे भरून आले, आणि रडताना मी फार वाईट दिसते.

"आणि माधवकाका?"

"बाबांच्या स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत आले. पण चहाला थांबले नाहीत." तिने डोळे पुसले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा, असं बाबा म्हणाले. हप्ते परत सुरू झाले की मी स्वतः काकांना फोन करीन."

"तेव्हा नाही. आता."

"शिफ्ट आहे, काकू."

"पुढच्या बसने जा."

मी ड्रॉवरमधून माझं फोनकार्ड काढून तिच्या हातात दिलं. माझ्या बहिणीशी बोलायला आणलेलं होतं, कोरं. तिने त्यावरचा झाकलेला आकडा नखाने खरवडून काढला, नंबर फिरवला आणि पुन्हा त्याच पायरीवर बसली.

"हॅलो, माधवकाका? मी आसावरी बोलतेय. तुम्ही जिच्यासाठी सही केली होती ती. काका, मी इथे ट्रे भरते."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला माहीत नाही. मी आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.